मंगळाचं सोवळं

मंगळावर उतरणाऱ्या यानानं आपल्या अंगावरून जास्तीत जास्त ३ लाख जिवाणू-बीजाणू नेलेले चालतात. त्याहून जास्त नाहीत. आणि तेही एका कोपऱ्यात दाटी करून बसलेले नकोत. चौरस मीटरला सरासरी ३०० च्या आत हवेत. ही मोजणी खरोखरीच होते. यान जोडलं जात असताना माणसं निर्जंतुक बोळ्यांनी त्याचे कानेकोपरे पुसतात, बोळे प्रयोगशाळेत नेऊन तापवतात, त्यातून जे तगलं त्याला पोषक द्रव्यावर वाढवतात आणि उगवलेले ठिपके मोजून नोंद करतात. बीजाणू हे काही जिवाणूंनी वाईट दिवसांसाठी राखून ठेवलेलं रूप आहे. पाणी आटलं, अन्न संपलं, की स्वतःभोवती जाड कवच चढवायचं, सगळे व्यवहार थांबवायचे आणि बरे दिवस येईपर्यंत पडून राहायचं. उकळत्या पाण्यालाही ते दाद देत नाहीत. म्हणून मोजायचे तर तेच.

हे सगळं वाचताना मला आमची आजी आठवते. तिच्याकडे आकडे नव्हते, नियम होते. आदल्या दिवशी उंच वळणीवर काठीनं वाळत घातलेलं लुगडं काठीनंच उतरवायचं, ओलेत्यानं पाणी भरायचं, आणि नैवेद्याचा स्वयंपाक होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. सुताला विटाळ होतो, रेशमाला होत नाही. मांजर थेट चुलीपाशी येऊन बसलं तरी चालायचं. शाळेच्या कपड्यांतला नातू उंबऱ्याच्या आत आलेला चालायचा नाही. असं का, म्हणून विचारलं तर “मांजराला नसतं रे सोवळं-ओवळं” असं उत्तर मिळायचं, आणि त्यावर अपील नव्हतं.

अंतराळसंस्था याला ग्रहसंरक्षण म्हणतात. पांढऱ्या झग्यात, तोंड-डोकं झाकून, केवळ डोळे उघडे ठेवून यानाभोवती वावरणारे अभियंते पाहिले की मला ते सोवळंच दिसतं. तेच उंबरे, त्याच पायऱ्या, तोच ‘शिवू नकोस’चा धाक.

हे कौतुकानं लिहिताना हात थबकतोही. याच सोवळ्यानं महाडच्या चवदार तळ्यावर माणसांना पाणी पिऊ दिलं नव्हतं, आणि १९२७ मध्ये ती माणसं बाबासाहेब आंबेडकरांबरोबर जाऊन पाणी प्यायली, तेव्हा सनातन्यांनी तळंच पंचगव्यानं ‘शुद्ध’ करून घेतलं होतं. त्या सोवळ्यात विटाळ कायम दुसऱ्याचा असे. अंतराळातल्या सोवळ्याची गंमत अशी की, तिथेही आपण आधी दुसऱ्याच्याच विटाळाला घाबरलो. ओवळे आपणच आहोत हे पुढे, अगदी सावकाश ध्यानात आलं.

काही थोड्यांच्या मात्र ते सुरुवातीलाच ध्यानात आलं होतं, आणि त्याची गोष्ट घडली कोलकात्यात. नोव्हेंबर १९५७. जोशुआ लेडरबर्ग हे तरुण अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाहून परतताना जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांना भेटायला थांबले होते. हॉल्डेन त्याच वर्षी इंग्लंड सोडून भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आले होते आणि कुर्त्या-पायजम्यात मजेत रुळले होते. स्पुटनिक उडून महिना झाला होता, रशियन क्रांतीला ४० वर्षं पूर्ण होत होती, आणि त्या रात्री चंद्रग्रहण होतं. जेवताना हॉल्डेन यांनी आपली कल्पना मांडली: हा मुहूर्त साधून सोव्हिएत मंडळींनी काळवंडलेल्या चंद्रावर एखादा बाँब फोडून लाल तारा उमटवला तर? हॉल्डेन स्वतः एकेकाळचे कम्युनिस्ट. त्यांना त्यात मौज वाटली असणार. लेडरबर्ग यांना घोर लागला. चंद्रावर जे काही मूळचं असेल ते तपासण्याआधीच आपण तिथे आपली घाण नेऊन टाकणार, आणि मग खरं काय ते कधीच कळणार नाही! घरी जाऊन त्यांनी विज्ञान अकादमीकडे आणि शास्त्रज्ञांकडे हा विषय लावून धरला. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं, त्यामुळे लोक ऐकूही लागले. ज्या देशात ग्रहणाचे वेध पाळतात, तिथे ग्रहणाच्या रात्री, चंद्र बाटू नये अशी चिंता एका परक्या पाहुण्याला भरल्या पानावर पडावी, हे मला फार आवडतं. दहा वर्षांनी, १९६७ च्या अंतराळ कराराच्या नवव्या कलमात ती चिंता कायद्याच्या भाषेत आली. परग्रह बाटवू नका आणि तिथलं काही आणून पृथ्वीलाही बाटवू नका.

कलमात दोन्ही बाजू होत्या, पण धावपळ झाली ती दुसरीची.

२४ जुलै १९६९ ला अपोलो-११ चं यान पॅसिफिकमध्ये उतरलं. ते लाटांवर हेलकावत असताना एका पाणबुड्यानं दार उघडलं, आत तीन बंदिस्त पोशाख दिले आणि दार लावून घेतलं. चंद्रावरचे अज्ञात जंतू पृथ्वीला लागू नयेत म्हणून हे पोशाख. दार उघडलं त्या क्षणी आतली हवा बाहेर आली, जंतू असतेच तर ते पोशाखाची वाट पाहत थांबले नसते, हा विचार त्या वेळी कुणी फार ताणला नाही. मग आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना जंतुनाशकानं पुसून काढलं, हेलिकॉप्टरनं हॉर्नेट या युद्धनौकेवर नेलं आणि एका बंद ट्रेलरमध्ये ठेवलं. सहलीला जायचे जे फिरते बंगले असतात त्यांतलाच हा एक, सुधारून घेतलेला. राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वागताला हजर होते. त्यांनी काचेच्या खिडकीतून गप्पा मारल्या. थेट चंद्रापर्यंतचा प्रवास करून आलेल्या तिघांना आहेर तर सोडाच, साधा हात मिळवायलाही कुणी नाही. पुढे ह्यूस्टनला एका खास इमारतीत त्यांना १० ऑगस्टपर्यंत कोंडून ठेवलं.

ते कोंडलेले असताना शेजारी एक अद्भुत पंगत चालली होती. आणलेली चंद्रधूळ उंदरांना टोचली, जपानी लाव्यांना दिली, कालवं आणि कोळंबीच्या पाण्यात मिसळली, माश्यांवर आणि झुरळांवर तिचा प्रयोग केला. टोमॅटो, कांदा, तंबाखू अशा झाडांनाही तिचा प्रसाद मिळाला. कुणालाही काही झालं नाही. झुरळांना काही होईल अशी आशा मुळात कुणी धरली होती, याचंच मला आश्चर्य वाटतं. यातल्या काही झुरळांच्या पोटातून परत काढलेली धूळ २०२२ मध्ये अमेरिकेत लिलावाला निघाली होती; तेव्हा नासानं ‘ती आमची मालमत्ता आहे’ असं कळवून लिलाव थांबवला. सरकारी मालमत्तेची व्याख्या कुठवर जाते हे पाहण्यासारखं आहे. असो. अपोलो-१४ नंतर हा विलगीकरणाचा प्रकार बंद झाला. चंद्र निर्दोष सुटला.

मधल्या काळात एक वेगळंच प्रकरण निघालं. एप्रिल १९६७ मध्ये सर्व्हेअर-३ हे मानवरहित यान चंद्रावर उतरलं होतं. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ चे कॉनराड आणि बीन त्याच्याजवळ उतरले, चालत गेले आणि त्याचा कॅमेरा कापून परत घेऊन आले. कॅमेऱ्याच्या आतल्या फोममध्ये स्ट्रेप्टोकॉकस मायटिस हा जिवाणू निघाला. हा चंद्राचा नव्हे. तुमच्या-माझ्या तोंडात आणि घशात नांदणारा. म्हणजे कॅमेरा जोडताना कुणीतरी खोकलं-शिंकलं असावं, आणि तो जंतू अडीच वर्षं निर्वात पोकळीत, कडक उन्हात आणि भयाण गारठ्यात जिवंत राहिला असावा! कित्येक वर्षं ही गोष्ट पुस्तकांत रुबाबानं नांदली. मग २०११ च्या सुमारास काही जणांनी त्या वेळच्या तपासणीची जुनी छायाचित्रं बारकाईनं पाहिली. तपासणाऱ्यांनी अर्ध्या बाह्यांचे कपडे घातले होते. उघड्या हातांवरून, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतच, जंतू कॅमेऱ्यावर गेला असणार. चंद्रावरून येताना नव्हे, चंद्रावर जातानाही नव्हे, पाहणाऱ्याच्या कोपरावरून.

आता व्हायकिंग. सोवळं म्हणावं तर ते व्हायकिंगचं. १९७५ मध्ये मंगळाकडे धाडलेली ही दोन यानं. त्यांच्या पोटात मंगळावर जीव आहे का हे तपासणारी उपकरणं होती, म्हणून त्यांना उडण्यापूर्वी आख्खंच्या आख्खं भट्टीत घालून सुमारे ११२ अंश सेल्सिअसला ३० तास भाजलं. आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हे सहन करून नंतर चालूही राहिली, हे त्या अभियंत्यांचं मोठं कर्तृत्व. २० जुलै १९७६ ला पहिलं यान मंगळावर टेकलं, त्यानं थोडी माती उचलून आत घेतली आणि तिला नैवेद्य दाखवला. पाण्यात विरघळवलेली काही साधी सेंद्रिय द्रव्यं, त्यांतला कार्बन किरणोत्सारी. मातीत कुणी असेल, त्यानं हे खाल्लं आणि ढेकर दिली, तर त्या वायूत तोच किरणोत्सारी कार्बन दिसेल. अशी ती कल्पना. गिल्बर्ट लेव्हिन यांची.

ढेकर आली. चांगली सणसणीत आली. माती आधी १६० अंशाला तापवून मग वाढलं तर आली नाही, म्हणजे जे काही होतं ते उष्णतेनं मेलं असं म्हणायला जागा होती. पण दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा मंगळानं तोंड फिरवलं. नव्यानं वायू आलाच नाही. आणि शेजारच्या दुसऱ्या उपकरणानं निकाल दिला की या मातीत सेंद्रिय पदार्थच नाहीत. सापडलं काय, तर क्लोरिनयुक्त कार्बनी संयुगांचा अंश. तो आपल्याच सफाईच्या द्रव्याचा राहिलेला लवलेश असावा, असं ठरलं. इतकं भाजून, घासून, पुसून पाठवलेल्या यानाला परग्रहावर पहिला वास आला तो स्वतःच्या फडक्याचा.

निदान तेव्हा तसं वाटलं. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार सापडले. या क्षारांसह सेंद्रिय पदार्थ तापवले की सेंद्रिय पदार्थ जळतात आणि नेमकी तीच क्लोरिनयुक्त संयुगं तयार होतात. म्हणजे व्हायकिंगच्या भट्टीतच पुरावा जळाला असण्याची शक्यता निघाली. परक्लोरेटसारखी तिखट द्रव्यं निर्जीव मातीतूनही वायू काढू शकतात, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ त्या ढेकरीचं श्रेय आजही रसायनालाच देतात. लेव्हिन २०२१ मध्ये, ९७ व्या वर्षी वारले. मंगळ जेवला होता हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मला त्यांच्याबद्दल ममत्व आहे. ताट वाढलं, घास उचललेला दिसला, आणि जेवणारा कोण ते ४५ वर्षांत कुणी पुन्हा नीट जाऊन पाहिलं नाही. त्यानंतर मंगळावर इतकी यानं गेली, पण जिवंत जीव शोधायचा असा थेट प्रयोग पुन्हा झालेला नाही.

एवढ्या सोवळ्याचा परिणाम काय झाला म्हणाल, तर नवीन जीव सापडला. पृथ्वीवर. यानं जोडायच्या स्वच्छ खोल्यांत, जिथे हवा सतत गाळली जाते, जमीन रसायनांनी पुसली जाते आणि खाण्यासारखं काहीही नसतं, तिथे. फ्लोरिडात २००७ मध्ये फिनिक्सच्या वेळी एक जिवाणू मिळाला, आणि दोन वर्षांनी हजारो किलोमीटरवर, फ्रेंच गयानातल्या युरोपीय केंद्राच्या तशाच खोलीत, तोच. त्याचं नाव पडलं टर्सिकॉकस फीनिसिस. ज्या वेळी त्याचं बारसं झालं तेव्हा या दोन खोल्यांखेरीज तो जगात कुठेही सापडलेला नव्हता. बाहेर इतरांच्या गर्दीत हा दिसत नसणार; इतर सगळे मेल्यावर मैदान याला मिळालं. २०१८ मधल्या एका अभ्यासात तर अशा खोल्यांतले असिनेटोबॅक्टर जातीचे जिवाणू पुसायला वापरलेलं अल्कोहोलच खाऊन राहू शकतात, असं दिसलं. आपण फडकं मारतो, ते जेवतात.

म्हणजे सोवळं जितकं कडक, तितके त्यातून पार होणारे चिवट. मंगळावर पोचायला नेमकी हीच मंडळी लायक, आणि आपणच त्यांना निवडून काढतो.

चिवटपणाची उदाहरणं द्यायची तर रात्र पुरणार नाही. १९५६ मध्ये अमेरिकेत डबाबंद मांस टिकवायला त्यावर गॅमा किरणांचा मारा केला. तरी एका डब्यातलं मांस खराब झालं. आत डायनोकॉकस रेडिओड्युरन्स निघाला. माणूस ज्या मात्रेनं मरतो तिच्या हजारपट मात्रा हा पचवतो. त्याच्या डीएनएच्या चिंध्या होतात आणि तो त्या शिवून पुन्हा कामाला लागतो. जपानी शास्त्रज्ञांनी त्याचे वाळवलेले थर अंतराळस्थानकाच्या बाहेर टांगून ठेवले. तीन वर्षांनी पाहिलं तर वरचे मेले होते आणि मेलेल्यांच्या आडोशाला खालचे जिवंत होते.

इतकं लांबही जायला नको. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर आपलंच आहे. अशनी आदळून बेसाल्ट खडकात पडलेलं हे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. मंगळाचा पृष्ठभागही पुष्कळसा बेसाल्टचाच, म्हणून परदेशी ग्रहशास्त्रज्ञ आवर्जून मेहकरमार्गे तिथे धडपडत जातात. पाणी खारट आणि इतकं अल्कधर्मी, की सामू दहाच्या आसपास. मासा त्यात टिकत नाही. जून २०२० मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना, हे पाणी एकाएकी गुलाबी झालं आणि मोबाइलवर तर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने आले. रंग होता हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि ज्यांना आपण दुष्काळ म्हणतो त्या दिवसांत त्यांचा सुकाळ झाला. नमुना तसाच ठेवला तर जीव तळाशी बसायचे आणि वरचं पाणी स्वच्छ दिसायचं. हे आर्किया दिसायला जिवाणूंसारखे, पण जीवशास्त्राच्या हिशेबात त्यांचं घराणं आपल्याइतकंच जिवाणूंपासून वेगळं. कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिलं, तोवर आपल्याला ते वेगळे आहेत याचाही पत्ता नव्हता. व्हायकिंग मंगळावर पोचून वर्ष झालं होतं! परग्रहावरचा जीव शोधायला यान गेलेलं, आणि घरातली एक तृतीयांश मंडळी अजून ओळखीची व्हायची होती.

कोयनेच्या पोटातही तेच. १९६७ च्या भूकंपानंतर तिथली जमीन हलायची थांबली नाही, म्हणून भूकंपांचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं. वरचा लाव्हाचा थर ओलांडला की खाली ग्रॅनाइट. त्या खोलीतून काढलेल्या खडकातही सूक्ष्मजीव मिळाले. अशा वेळी पहिली शंका एकच: छिद्र पाडताना वरून सोडलेल्या पाण्याबरोबर तर हे खाली गेले नाहीत? पुन्हा तेच, आपला विटाळ की त्यांचा.

या शंकेशी सर्वांत सभ्यपणे झुंजलेलं मराठी नाव जयंत नारळीकरांचं. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा बहुतेकांनी त्यांच्या विज्ञानकथांची आणि आयुकाची आठवण काढली. मला त्यांचा फुगा आठवला. जीवनाचं बी धूमकेतूंबरोबर अंतराळातून पृथ्वीवर येतं, असं त्यांचे गुरू फ्रेड हॉइल म्हणत, आणि त्याबद्दल पुष्कळ टिंगल सोसत. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिंगलही केली नाही आणि नुसती मानही डोलावली नाही. वर जाऊन पाहू म्हणाले. २० एप्रिल २००५ ला हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून इस्रोच्या मदतीनं एक प्रचंड फुगा सुटला. त्याला ४५९ किलोंचं ओझं. त्यात पोलादी नळ्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवून थंडगार केलेल्या. आत इतकी थंडी की झडप उघडली की बाहेरची विरळ हवा आपोआप आत ओढली जाऊन गोठावी. सगळ्या नळ्या आधी निर्जंतुक केलेल्या, अर्थात. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची ही हवा हैदराबादच्या आणि पुण्याच्या दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळी तपासली. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती उगवल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती नव्या. नावं ठेवली जॅनिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाई. गुरूचं नाव एका जंतूला देऊन ऋण फेडणारा शिष्य विरळा.

हे बाहेरून आले का? संशोधकांनी तसा दावा केला नाही. एवढ्या उंचीवर अतिनील किरणांच्या माऱ्यात हे तगून आहेत, ते परग्रहावरचेच असं यावरून सिद्ध होत नाही, पण शोध चालू ठेवायला हुरूप येतो, इतकंच त्यांनी सांगितलं. पुढे आर्यभट्टाई निरनिराळ्या देशांतल्या शेतांत, झाडांच्या मुळांशी सापडत गेला. आज तो पिकांना मदत करणारा जिवाणू म्हणून अभ्यासला जातो. म्हणजे वर गेलेल्याला खालचे नातेवाईक निघाले. मला यात नारळीकरांचा पराभव दिसत नाही. आपल्याला जे मनापासून हवं आहे त्याच्याविरुद्धचा पुरावा आधी स्वतः शोधायचा, ही शिस्त त्यांनी एका फुग्याला बांधून आकाशात सोडली, हे पुरेसं आहे.

ही शिस्त सगळ्यांकडे नसते. ११ एप्रिल २०१९ ला इस्रायलचं बेरेशीट यान चंद्रावर आदळून फुटलं. त्यावर एका खाजगी संस्थेनं पाठवलेलं छोटं ग्रंथालय होतं, आणि काही महिन्यांनी कळलं की त्या ग्रंथालयात वाळवलेले हजारो टार्डिग्रेडही चिकटवले होते. अर्ध्या मिलिमीटरचे, आठ पायांचे, शेवाळात राहणारे हे गुबगुबीत प्राणी पाणी संपलं की हातपाय पोटाशी घेऊन वाळून जातात. २००७ मध्ये उघड्या अंतराळात ठेवल्यावरही त्यांतले काही जगले होते. चंद्रावर पाणी मिळाल्याशिवाय ते जागे होणार नाहीत, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण इतक्या लोकांनी ५० वर्षं जपलेलं सोवळं कुणीतरी न विचारता, गंमत म्हणून, मोडून यावं, याचा मला सात्त्विक संताप येतो. आजी असती तर तिनं त्यांना पुन्हा आंघोळीला पाठवलं असतं.

याच्या उलट कॅसिनी. शनीभोवती १३ वर्षं फिरलेलं हे यान. एन्सेलॅडस या चिमुकल्या, बर्फाळ उपग्रहाच्या फटींतून पाण्याचे फवारे उडतात हे त्यानंच दाखवलं, त्या फवाऱ्यांतून तेच उडत गेलं, आणि त्यांत मीठ, सेंद्रिय द्रव्यं, हायड्रोजन असल्याचं त्यानंच सांगितलं. बर्फाखाली समुद्र आहे. सूर्यमालेत जीव सापडायची आशा धरावी अशा मोजक्या जागांपैकी ही एक. कॅसिनीचं इंधन संपत आलं तेव्हा प्रश्न पडला, की हे भरकटून उद्या एन्सेलॅडसवरच आदळलं तर? ते व्हायकिंगसारखं भाजलेलं नव्हतं. १५ सप्टेंबर २०१७ ला त्याला मुद्दाम शनीच्या वातावरणात ढकलून जाळून टाकलं. युरोपा या गुरूच्या उपग्रहाला जपण्यासाठी २००३ मध्ये गॅलिलिओ यानाचंही असंच केलं होतं. तिथे कुणी आहे की नाही हेच माहीत नसताना, त्याला आपला स्पर्श होऊ नये म्हणून अब्जावधींचं यान जाळून टाकायचं. सोवळ्याच्या इतिहासात स्वतःलाच ओवळं ठरवून असं बाजूला झाल्याची उदाहरणं मला तरी दुसरी माहीत नाहीत.

पुढची अडचण मात्र माणसाची आहे. माणसाला ११२ अंशाला ३० तास भाजता येत नाही. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात, २०१६ च्या अंदाजानुसार, सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. त्याच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. बहुमत त्यांचं. झग्यातून, झडपेतून, हातमोज्याच्या शिवणीतून ते गळतच राहणार. असा एक माणूस मंगळावर उतरला की ३ लाखांची ती नोंदवही मिटून ठेवावी लागेल, आणि त्यानंतर मंगळावर जे जिवंत सापडेल ते मूळचं की पाहुण्याबरोबर आलेलं, हा वाद कायमचा. माझं मत विचाराल तर माणसानं मंगळावर जायची घाई करू नये. लेव्हिन यांचा प्रयोग आधी एकदा नीट करावा, भाजलेल्या यंत्राकडूनच.

आपले जंतू परक्या जागी किती तगतात हे कळायला मंगळापर्यंत जायचीही गरज नाही. चंद्रावर अपोलोचे बारा जण उतरून आले. परतीचं वजन कमी करायला त्यांनी नको त्या वस्तू तिथेच टाकल्या, आणि त्यांत मलमूत्राच्या पिशव्याही आहेत. पन्नासहून जास्त वर्षं त्या तशाच पडून आहेत. दिवसा १२० अंशांचं ऊन, रात्री उणे १३० च्याही खाली गारठा, वर निर्वात पोकळी आणि अंतराळातले किरण. आत कोट्यवधी जिवाणू आणि त्यांचे बीजाणू. इतका स्वस्त आणि इतका लांब चाललेला दुसरा प्रयोग जीवशास्त्रात नसेल, आणि त्याचा निकाल अजून कुणी पाहिलेला नाही. पुढे जो कुणी चंद्रावर उतरेल त्याला विनंती एवढीच, की झेंडा लावून झाला, फोटो काढून झाले, की त्यातली एक पिशवी उघडून पाहावी. अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत नको.